गच्चीवरची स्ट्रॉबेरी: खताआधी पाणी आणि क्राऊन बघा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गच्चीवर बाग आहे. डिसेंबरमध्ये पाचगणीहून येताना स्ट्रॉबेरीची रोपं आणली. बागेतली काळी माती आणि शेणखत घालून कुंड्यांमध्ये लावली. फुलं आली, बोराएवढी थोडी फळंही धरली. मग पानांच्या कडा करपत गेल्या, दोन रोपांनी आठवड्याभरात माना टाकल्या आणि उरलेली एप्रिलमध्ये वाळली. पाणी आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं घालते. पुढच्या हंगामात रोपं निरोगी राहावीत म्हणून काय करू? बी लावून जमेल का?

ताई, तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की निम्मं निदान त्यातच आहे. कडा करपणं, अचानक माना टाकणं आणि एप्रिलमधलं वाळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पाण्यातल्या क्षारांनी झाली, दुसरी बहुधा क्राऊन (मुळं आणि पानं यांच्या मधला आखूड बुंधा) कुजल्यामुळे, आणि तिसरी पुण्याच्या उन्हाळ्यामुळे, ज्यात तुमचा काही दोष नाही. खत कमी पडलं असं यातल्या एकाही लक्षणावरून दिसत नाही. हे आधी सांगतो, कारण कडा करपल्या की बहुतेक जण पहिल्यांदा मूठभर खत टाकतात. क्षारांनी आधीच बेजार झालेल्या मुळांवर आणखी क्षार पडतात आणि रोप आठवड्याभरात आटोपतं.

पाण्यापासून सुरुवात करू. आरओचं वाया जाणारं पाणी बागेला घालावं असं सगळीकडे सांगितलं जातं. पाणी वाचवण्याची ती तळमळ मला मनापासून पटते, पण स्ट्रॉबेरीला ते पाणी कधीच घालू नका. मूळ पाण्यातले क्षार यंत्र त्या बाहेरच्या नळीतून टाकतं, म्हणजे ते नळाच्या पाण्यापेक्षाही खारट असतं. कुंडीत घेतल्या जाणाऱ्या पिकांमध्ये स्ट्रॉबेरीइतकं क्षारांना हळवं पीक क्वचितच सापडेल. टोमॅटो, वांगं, पालक ज्या पाण्यावर मजेत वाढतात, त्याच पाण्यावर हिची पानं करपतात. खूण अशी, की आधी जुन्या, बाहेरच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात आणि करपा हळूहळू आत सरकतो. कुंडीच्या काठावर आणि बुडाशी पांढरी खर दिसली की खात्रीच समजा.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं उपकरण, अडीच-तीनशे रुपयांत मिळतो, तो घ्या. आकडा ४०० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. ४५० च्या पुढे गेला की फळावर परिणाम दिसायला लागतो. खडकवासल्याचं पाणी बरंच मऊ आहे, ते उत्तम. अडचण बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची असते. तुमच्या सोसायटीत तेच येत असेल तर पिण्याच्या नळाचं पाणी बादलीत भरून ठेवा आणि स्ट्रॉबेरीपुरतं तेवढंच वापरा. हिवाळ्यात एका रोपाला दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी पुरतं, त्यामुळे हे काही फार मोठं काम नाही. शिवाय महिन्यातून एकदा नुसतं गोडं पाणी कुंडीच्या बुडातून भरपूर वाहून जाईल इतकं द्या. साचलेले क्षार धुऊन निघतात. आरओचं पाणी फरशी पुसायला आणि संडास-बाथरूमला वापरा, तिथे ते वाया जात नाही.

आता माती. पुण्याची काळी माती ज्वारीला सोन्यासारखी, पण स्ट्रॉबेरीच्या कुंडीत ती नको. एक तर तिच्यात चुनखडी असते आणि सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) बऱ्याचदा ७.५ च्या वर असतो; स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ लागतो. सामू वाढला की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. दुसरं म्हणजे कुंडीत ही माती ओली झाली की चिकट आणि वाळली की दगड. महाबळेश्वरच्या डोंगरावर जांभ्यापासून झालेली तांबडी, आम्लधर्मी, पाणी न धरणारी जमीन आहे. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात हवेइतकाच या जमिनीचाही हात आहे. आपल्याला कुंडीत त्याच्या जवळपास जायचंय. मी साधारण चार वाटे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन वाटे पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, दोन वाटे तांबडी माती आणि एक वाटा भाताचं तूस असं मिश्रण करायला सांगतो. कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुऊनच घ्या, त्यातही मीठ असतं. ताजं शेणखत, कोंबडी खत आणि चुलीतली राख यांपैकी काहीच घालू नका. राखेने सामू वाढतो, कोंबडी खतात क्षार जास्त, आणि ताज्या शेणखतातून हुमणीची अळी येते. ती मुळं खाते आणि रोप पाणी असूनही सुकतं.

कुंडी खोल असायची गरज नाही, कारण हिची बहुतेक मुळं वरच्या वीतभर थरात असतात. आठ-दहा इंची कुंडीत एक रोप, किंवा दोन फूट लांबीच्या चौकोनी ट्रेमध्ये तीन. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या फेब्रुवारीपासून तापतात, त्यामुळे गच्चीवर पांढरी किंवा मातीची कुंडी बरी. बुडाची भोकं मोकळी आहेत ना हे बघा, आणि कुंडीखाली ताटली ठेवून त्यात पाणी साचू देऊ नका.

रोपं कुठून आणि कधी, हा भाग फार महत्त्वाचा आहे. तुम्ही डिसेंबरमध्ये घेतली ती रोपं फळांवर आलेली असणार. लहान पिशवीत मुळांची गुंडाळी झालेली, आणि सगळी ताकद फळांत गेलेली. अशा रोपाला नव्या कुंडीत मुळं पसरायला सवडच मिळत नाही. व्यावसायिक पिकाचा क्रम बघा: कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणांहून मातृरोपं येतात, पावसाळ्यात ती वाईच्या बाजूला वाढवतात, कारण वर महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यात रोपवाटिका तगत नाही. मातृरोपाला जे रनर, म्हणजे जमिनीवरून सरपटणारे धुमारे, फुटतात त्यांची बाळरोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून तोडा सुरू होतो. घरीसुद्धा हेच वेळापत्रक पाळा. पुणे-नाशिकला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबरअखेर, मुंबई-कोकणात नोव्हेंबर. कोकणात रात्री पुरेशा थंड होत नाहीत, त्यामुळे फळं कमी आणि लहान येतात. रोप निरोगी राहू शकतं, पण अपेक्षा बेताची ठेवा.

थंडीचं एवढं महत्त्व का, तर आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोझा, नाभिला या जाती दिवस लहान आणि रात्र थंड झाली की कळी धरतात. दिवस मोठा आणि हवा गरम झाली की तेच रोप कळीऐवजी रनर सोडतं. खत वाढवून हे बदलता येत नाही. घरासाठी मी विंटर डॉन सुचवतो. ती लवकर फळावर येते आणि हाताळायला सोपी आहे. चवीला स्वीट चार्ली अधिक गोड, पण फळ मऊ. आपल्याला फळं बाजारात न्यायची नसल्याने घरी तिलाही हरकत नाही.

बी लावू नका. स्ट्रॉबेरी ही दोन अमेरिकी रानजातींच्या संकरातून अठराव्या शतकात युरोपात तयार झालेली आहे, त्यामुळे विकतच्या फळातलं बी रुजलं तरी रोप मूळ जातीसारखं निघत नाही. शिवाय उगवायला आठवडे, वाढायला महिने, आणि तोवर थंडी संपलेली. निळ्या आणि जांभळ्या स्ट्रॉबेरीचं बी म्हणून जी पाकिटं विकली जातात ती सरळ फसवणूक आहे. निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वात नाही.

रोप हातात आलं की लावण्याआधी ते उचलून डोळ्यांजवळ धरा. मुळं जिथे संपतात आणि पानांचे देठ जिथे सुरू होतात, त्यांच्या मध्ये अंगठ्याच्या पेराहून आखूड, जाड, तपकिरी बुंधा दिसेल. तो क्राऊन. वरून त्याच्या मधोमध बघितलं तर पंख्यासारखी दुमडलेली, पोपटी, लवदार अशी एक-दोन पानं बाहेर यायच्या तयारीत असतात. त्यांच्या बुडाशी वाढीचा कोंब असतो आणि पुढची सगळी पानं, सगळी फुलं तिथूनच येणार असतात. हा कोंब मातीखाली गेला की त्यात पाणी आणि माती बसते आणि तो कुजतो. क्राऊन फारच वर राहिला तर मुळांचा वरचा भाग उघडा पडून वाळतो. मातीची पातळी क्राऊनच्या बरोबर मध्यावर यायला हवी: मुळं पूर्ण आत, कोंब पूर्ण बाहेर. हे लावताना साधतंच, पण पहिल्या दोन पाण्यांनंतर कोकोपीट खाली बसतं आणि रोप खड्ड्यात जातं. म्हणून लावताना मधला भाग थोडा उंचवटा करून घ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा. कोंबावर माती आली असेल तर बोटाने किंवा जुन्या टूथब्रशने हलकेच झाडून काढा.

तुमच्या ज्या दोन रोपांनी आठवड्याभरात माना टाकल्या, तसं पुन्हा झालं तर रोप फेकण्याआधी ब्लेडने क्राऊन उभा चिरून बघा. निरोगी क्राऊन आतून पांढरट असतो. विटकरी किंवा तपकिरी डाग पसरलेले दिसले तर तो बुरशीने कुजलाय. त्या रोपावर औषध करू नका. रोप आणि कुंडीतलं सगळं मिश्रण बाहेर काढा, कंपोस्टात टाकू नका, कुंडी धुऊन उन्हात ठेवा. चिरल्यावर क्राऊन पांढरा आणि मुळं मात्र कुरतडलेली असतील तर माती उकरा, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडेल, ती हुमणी. ज्या मातीत आधी टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती स्ट्रॉबेरीला घेऊ नका, त्या पिकांचे मर रोग हिलाही होतात. नव्या मिश्रणात लावणीआधी आठवडाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपकारक बुरशी) घातलेलं कंपोस्ट मिसळून ठेवलं तर मुळांना आधार मिळतो. पण पाणी साचत असेल तर ट्रायकोडर्माही काही करू शकणार नाही.

लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस दुपारच्या उन्हापासून हिरव्या जाळीची सावली द्या, ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. नवी पानं उघडायला लागली की जाळी काढा, मग दिवसाला किमान सहा तास ऊन हवंच. पाणी सकाळी, मातीवर, पानं न भिजवता. संध्याकाळी भिजलेली पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. मातीवर भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट दोन बोटं जाड पसरा, क्राऊनभोवती मात्र दोन बोटं जागा मोकळी ठेवा. ओल टिकते आणि फळ मातीला टेकत नाही.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत येणारी फुलं खुडून टाका. जीवावर येतं, मला माहीत आहे, पण लहान रोपावर धरलेलं एकेक फळ पुढच्या मूठभर फळांची किंमत घेऊन जातं. पाच-सहा मोठी, टवटवीत पानं झाली की फुलं राहू द्या. रनर मात्र हंगामभर दिसतील तसे कापा. खालची लालसर झालेली, जमिनीला टेकलेली पानं देठासकट काढत राहा, म्हणजे क्राऊनला वारा लागतो.

खताचं फार मनावर घेऊ नका. वरच्या मिश्रणात कंपोस्ट भरपूर आहे. लावणीनंतर दोन आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, दर दहा दिवसांनी कुंडीला पेलाभर. कळ्या दिसल्या की ते थांबवून पालाश जास्त असलेलं १३:०:४५, आणि त्याच्या आलटून-पालटून कॅल्शियम नायट्रेट, तेही लिटरला १ ग्रॅमच. कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या कोणत्याही खतात एकत्र कालवू नका, साका बसतो. सेंद्रियच करायचं असेल तर महिन्याला मूठभर गांडूळखत आणि दहापट पातळ केलेलं गांडूळपाणी पुरतं. शिरा हिरव्या ठेवून कोवळी पानं पिवळी पडली तर चिलेटेड लोह (रोपाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम फवारा. युरिया अजिबात नको. पानं हिरवीगार आणि लुसलुशीत होतात, बघणाऱ्याला आनंद होतो, पण फळ पाणचट येतं आणि मावा त्या कोवळ्या पानांवर तुटून पडतो.

तुमची फळं बोराएवढीच का राहिली, याचं एक कारण अशक्त रोप, आणि दुसरं बहुधा अपुरं परागीभवन. आपण जो लाल गर खातो तो खरं तर फुलाचा फुगलेला देठ, आणि वरचे दाणे ही खरी फळं. ज्या दाण्याचं फलन झालं त्याच्या आजूबाजूचाच गर फुगतो. म्हणून काही दाणे रिकामे राहिले की फळ वाकडं, खाचा पडलेलं, एका बाजूला बसकं होतं. उंच इमारतीच्या गच्चीवर मधमाश्या कमी येतात. जवळ तुळस, झेंडू, फुलावर सोडलेली कोथिंबीर ठेवा, फुलोरी माश्या येतात. तोवर सकाळी दहा-अकराच्या सुमारास मऊ रंगाचा ब्रश प्रत्येक उमललेल्या फुलाच्या मधल्या पिवळ्या उंचवट्यावर आणि भोवतीच्या पुंकेसरांवर गोल फिरवा, दोन-तीन दिवस सलग. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या डोंगरात माश्या आणि स्ट्रॉबेरी शेजारी नांदतात हे फळांच्या आकारावरून कळतं.

किडींमध्ये गच्चीवर सर्वांत जास्त नुकसान लाल कोळी करतो, आणि तो दिसत नाही म्हणून लोक त्याला खताची कमतरता समजतात. फेब्रुवारीत हवा कोरडी आणि गरम झाली की तो वाढतो. पान वरून निस्तेज, पितळेसारखं दिसायला लागतं, त्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके असतात. तसं पान पांढऱ्या कागदावर धरून झटका. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतील. क्षणभर थांबा, त्यांतले काही चालायला लागले तर तो कोळी. पानाच्या मागे बारीक जाळं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. पहिला उपाय म्हणजे सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याची जोरदार फवारणी, एक दिवसाआड तीन-चार वेळा. पानं भिजवू नका म्हणालो त्याला फवारणीपुरताच अपवाद, आणि पाण्याची ही जोरदार फवारणी सकाळीच, म्हणजे दुपारपर्यंत पानं सुकतात. मग कडुनिंबाचं तेल लिटरला ३ ते ५ मिली, साबणाच्या थोड्या थेंबांबरोबर, संध्याकाळी उशिरा माश्या गेल्यावर. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम हेही कोळी आणि भुरी (पानांवर पांढरी पूड आणणारी बुरशी) दोन्हींवर चालतं, पण पारा ३० च्या वर असताना मारू नका आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी जाऊ द्या, नाहीतर पानं भाजतात. घरातले डास-झुरळांचे स्प्रे झाडांवर कधीच नको. कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी दुप्पट जोमाने परत येतो.

ढगाळ, दमट आठवडा आला की फळावर करड्या बुरशीची लव चढते. तसं फळ दिसताक्षणी पिशवीत घालून बाहेर काढा, शेजारच्या फळाला लागायला एक रात्र पुरते. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा. बुलबुल मात्र तुमच्या आधी फळ पिकल्याचं ओळखतो, त्याला जाळीच हवी.

फळ पूर्ण लाल झाल्यावरच, देठाच्या टोपीसकट, नखाने देठ खुडून काढा. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग धरते, गोडी वाढत नाही. दूरच्या बाजारासाठी ती थोडी आधी तोडावी लागते. घरच्या स्ट्रॉबेरीची चव वेगळी लागते ती त्यामुळेच.

राहिला उन्हाळा. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारी अर्धी सावली देणारी जाळी बांधा, मार्चअखेरपर्यंत फळं मिळतील. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ३८-४० ला जातो, तेव्हा फुलं थांबणारच. डोंगराखालच्या हवेत मी स्ट्रॉबेरीला मेथी-कोथिंबिरीसारखं हंगामी पीक मानतो आणि दरवर्षी नवी रोपं घ्यायला सांगतो. जुन्या रोपात रोग आणि विषाणू साठत जातात आणि फळ लहान होत जातं. तरी एखादं रोप अगदी ठणठणीत असेल आणि तुम्हाला ते सोडवत नसेल, तर मार्चमध्ये त्याचे दोन रनर ठेवा. प्रत्येक रनरवरचं पहिलं बाळरोप लहान कुंडीतल्या ओल्या कोकोपीटवर तारेच्या आकड्याने टेकवा, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरल्यावर नाळ कापा. उन्हाळाभर ते पूर्वेच्या बाल्कनीत सावलीत आणि पावसाळ्यात छपराखाली, पण वाऱ्यावर ठेवा. यातली सगळी जगतील असं धरून चालू नका. ऑक्टोबरसाठी वाई-पाचगणीच्या एखाद्या रोपवाटिकेत ऑगस्टमध्येच सांगून ठेवा, जातीचं नाव विचारून घ्या, आणि रोप घेताना फळ लागलेलं नको, पांढरी मुळं आणि घट्ट क्राऊन असलेलं द्या म्हणावं.